मोज्यांचा कप्पा

समजा मुलांनो, एक मोठी खोली आहे. चौथ्या मजल्यावर, काचेच्या भिंतींची. लांबच लांब टेबलं, टेबलांवर संगणक. पुढच्या खुर्च्यांवर नुकतीच पदवी मिळवलेली मुलं-मुली. इस्त्रीचे कपडे, गळ्यात ओळखपत्र. रोज सकाळी वेळेवर येतात, संध्याकाळी वेळेवर जातात. पण त्यांना काम नाही. ती नुसती वाट बघतात.

आली खोली डोळ्यांपुढे? आता त्यातली खिडकीजवळची एक खुर्ची रिकामी करा. तिच्या पाठीला निळी पिशवी अडकवा. पिशवीत जेवणाचा न उघडलेला डबा, एक छत्री आणि बंद करून ठेवलेला फोन.

पिशवी आहे, पिशवीवाली नाही.

"आत्या, तू जरा येशील का?" फोनवर त्याच खोलीत बसणारी ताई बोलत होती. "अबोली काल दुपारपासून कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. तिचे बाबा गावाहून आलेत. इथे दारातच बसून राहिलेत गं."

आत्या म्हणजे ताईच्या वडिलांची धाकटी बहीण. पोलिसांत फौजदार, आणि हरवलेली माणसं शोधणं हेच तिचं काम. तिने टोपी उचलली आणि निघाली.

अबोली हे त्या मुलीचं खरं नाव नव्हे. बोलताना ती अडखळायची. काही अक्षरं तिच्या जिभेवर अशी रुतून बसायची, की ओढून काढता काढता डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून ती कमी बोलायची, आणि म्हणून अबोली. अभ्यासात मात्र पक्की. संध्याकाळी ताईकडे शिकायला यायची, तेव्हा आत्याने तिला दोन-चारदा पाहिलं होतं.

त्या कंपनीची रीतही आधी समजून घ्या. ती नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांना घ्यायची, काही महिने शिकवायची, आणि मग बँका, दवाखाने, कारखाने अशा दुसऱ्यांच्या कचेऱ्यांत कामाला पाठवायची. मोबदला त्या कचेऱ्यांनी कंपनीला द्यायचा. कुणी मागणी करेपर्यंत मुलांनी काचेच्या खोलीत बसायचं. याला सगळे म्हणत 'बेंचवर असणं'. कंटाळून मध्येच सोडलं तर शिकवण्याचा सगळा खर्च परत करायचा. म्हणून कुणी सोडत नसे.

ताई तिच्या तुकडीत पहिली आली होती. तरी हिवाळ्यापासून बेंचवरच होती. तिच्याकडून शिकलेली मुलं एकेक करून कामाला लागली, ही मात्र तिथेच. ताईची पाचवीतली धाकटी बहीण भिंगरी एकदा तिला म्हणाली होती, "एवढे दिवस बेंचवर? पाठ नाही का गं दुखत?" तेव्हा ताई खूप हसली होती. अलीकडे ती या विनोदाला हसत नसे.

आत्या चौथ्या मजल्यावर पोचली. दाराशी अबोलीचे वडील मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांनी वर पाहिलं. "ती काही खोटं करणारी पोर नाही हो," एवढंच म्हणाले.

"खोटं? कोण म्हणालं खोटं?"

त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं.

आत मुलांना कामावर पाठवणारे साहेब बसले होते. मुलं पाठीमागे त्यांना गोडबोल्या म्हणायची. का, ते आत्याला लगेच कळलं.

"या मॅडम, बसा ना. आम्हाला फार वाईट वाटतंय हो. आम्ही मुलांना पोटच्या लेकरांसारखं जपतो."

"काय झालं काल?"

"तिला बँकेत काम मिळालं होतं. फोनवर मुलाखत उत्तम झाली. काल पहिला दिवस. तासाभरात बँकेने परत पाठवली. का, तर मुलाखत दिली ती मुलगी ही नव्हेच! हिने आपल्याऐवजी दुसऱ्या कुणाला तरी बोलायला बसवलं होतं. आमचं नाव खराब झालं ना, मॅडम."

"मुलाखत झाली कुठे?"

"इथेच, शेजारच्या छोट्या खोलीत."

"तुमच्याच कचेरीत, तुमच्याच फोनवरून? आणि कोण बोलतंय ते तुम्हाला दिसलं नाही?"

"मुलांवर विश्वास टाकतो आम्ही."

"कॅमेरा?"

"बिघडलाय. कधीचा सांगतोय दुरुस्त करायला."

"आता अबोलीचं काय करणार?"

"सापडली की तिला काढावं लागेल. नियम आहे. शिवाय फसवणूक म्हणून इतर कंपन्यांना कळवावंही लागेल. फार वाईट वाटतंय हो."

म्हणजे पोर सापडली तरी तिच्या कपाळावर लबाडीचा शिक्का बसणारच होता.

आत्याने ताईला जिन्यात गाठलं.

"काल ती बँकेतून परत आली तेव्हा तू होतीस?"

"होते."

"काय म्हणाली?"

"काहीच नाही. पिशवी खुर्चीला अडकवली. माझ्याकडे बघितलं."

"आणि तू?"

ताई बोटातली अंगठी फिरवत राहिली. "मी पाणी आणायला गेले. आले तोवर ती गेली होती."

"मुलाखतीच्या दिवशी तिच्याबरोबर कोण होतं, माहीत आहे?"

"आत्या, तू आधी तिला शोध ना," ताई म्हणाली, आणि रडू लागली.

आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. पण प्रश्न विचारला होता एक आणि उत्तर मिळालं होतं भलतंच, हे तिच्या ध्यानातून सुटलं नाही.

दुपारी बँकेच्या अधिकारी बाई चौकीवर आल्या. पिकलेले केस, नीटनेटकी साडी, सरळ बोलणं.

"फोनवरची मुलगी फार छान बोलली," त्या म्हणाल्या. "मी विचारलं, खातेदारांची माहिती झटकन सापडावी म्हणून कशी ठेवशील? मोठमोठे शब्द ऐकून कान किटलेत माझे. ही म्हणाली, समजा, घरात सगळ्यांचे मोजे एकाच कप्प्यात कोंबलेत. शाळेची वेळ झाली की एका जोडासाठी घर डोक्यावर! आता त्याच कप्प्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या करा. बाबांचे इथे, आईचे तिथे. मोजे तेवढेच, कप्पा तोच, पण हात घातला की जोड हातात. मी तिथेच ठरवलं, हीच हवी."

"मग पहिल्या दिवशी काय बिघडलं?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "माझ्याच हातून बिघडलं म्हणा ना. चहाच्या वेळी मी कौतुकाने सगळ्यांपुढे म्हटलं, अगं, ते मोज्यांचं सांग ना यांना. ती उभी राहिली. 'स... स...' पुढे काही येईना. कुणीतरी हसलं. मी घड्याळ बघितलं. मग विचारलं, फोनवर तूच होतीस ना? हो म्हणून वेळ मारून नेता आली असती तिला. पण तिने मान हलवली. नाही म्हणून."

बोलणारी दुसरीच होती, तर ती एकदाच बोलली असेल कशावरून? आत्याने विचारलं, "ते मोज्यांचं उदाहरण तुम्ही आधी कधी ऐकलं होतं?"

"तुम्हाला कसं कळलं? हो, हिवाळ्यात. त्याच कंपनीच्या एका मुलीने सांगितलं होतं. तिला आम्ही निवडलंही होतं. पण कंपनीने कळवलं, घरची अडचण आहे, ती येणार नाही. परवा पुन्हा मोजे ऐकले तेव्हा वाटलं, हे तिथे सगळ्यांनाच शिकवत असतील."

बाई गेल्यावर आत्याने गोडबोल्याला फोन लावला. "एकच विचारायचं होतं. तुमच्या शिकवणीत मोज्यांचं उदाहरण असतं का?"

"मोज्यांचं? पायातले मोजे?" तो मनापासून हसला. "नाही हो मॅडम. आमचा अभ्यासक्रम परदेशी पद्धतीचा आहे."

संध्याकाळी आत्या भावाकडे गेली. शाळेला सुट्टी होती, आणि भिंगरीच्या पायांना अजिबात नव्हती. ती पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून खिडकीत, आणि तोंडाची टकळी चालूच. समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत आपणच ते पूर्ण करायचं, ही तिची खोड.

"आत्या, अबोली सा..."

"नाही सापडली अजून."

"बघ, आता तूही करायला लागलीस माझ्यासारखं!" भिंगरी म्हणाली, आणि एकदम तिचा चेहरा पडला. "मी तिची वाक्यं पूर्ण करायचे. ती 'स' वर अडकली की मी म्हणायचे, साबण? साखर? सायकल? ती हसायची. पण आत्या, आता वाटतं, तिला ते आवडत नसणार."

"तुला ती शेवटची कधी भेटली?"

"परवा. तिने मला कोडं घातलं. कागदावर लिहून दिलं असतं तर पटकन झालं असतं, पण बोलूनच घातलं. अशी कुठली जागा आहे, जिथे गप्प बसणाऱ्याला शहाणं म्हणतात आणि बोलणाऱ्याला हटकतात? ती म्हणाली, मला रडू आलं की मी तिथे जाते. मला नाही सुटलं."

"काय काय उत्तरं दिलीस?"

"शाळा म्हटलं. ती म्हणाली, शाळेत तर उभं करून बोलायला लावतात. दवाखाना म्हटलं. तिथे डॉक्टर विचारतात, काय होतंय."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. भिंगरी बोलता बोलता धुतलेले कपडे कपाटात ठेवत होती. तिने खालचा कप्पा ओढला. आत पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या केलेल्या होत्या.

"हे कुणी केलं गं?"

"हे? ताईने. मी दुसरीत होते तेव्हा. मला वर्गवारी समजत नव्हती, मग ती म्हणाली, समजा, सगळ्यांचे मोजे एकाच कप्प्यात..."

भिंगरी पुढे बोलत होती. आत्याला पुढचं पाठ होतं. ती पलंगाच्या कडेवर बसली. खांद्यावरचे बिल्ले एकदम जड झाल्यासारखे वाटले.

"आत्या! मला सुटलं!" भिंगरीने कप्पा धाडकन लावला. "वाचनालय!"

शहराचं वाचनालय सकाळी उघडलं तेव्हा आत्या दारातच होती. अबोली आली ती रस्त्याच्या पलीकडून, स्टेशनच्या बाजूने. दोन्ही रात्री तिने तिथल्या बायकांच्या प्रतीक्षालयात काढल्या होत्या. कपडे चुरगळलेले, ओठ कोरडे. गणवेश पाहूनही ती पळाली नाही. फक्त वाचनकक्षाकडे बोट केलं. दोघी आत जाऊन शेवटच्या टेबलाशी बसल्या.

"बाबा आलेत तुझे," आत्या कुजबुजली. "रागावलेले नाहीत."

अबोलीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

"तुझ्याऐवजी कोण बोललं फोनवर?"

तिने मान हलवली.

"सांगितलं नाहीस तर सगळं तुझ्यावर येईल, पोरी."

ती बराच वेळ झगडली. मग तीनच शब्द आले. "ती... ती वाईट नाही."

हिला त्या मुलीचं नाव माहीत होतं, आणि ते न सांगण्यासाठी ही घरदार सोडून प्रतीक्षालयात बसली होती.

पोर सापडली. वडिलांच्या हाती दिली की काम संपलं असतं. मुलाखत कुणी दिली हे शोधायला आत्याला कुणी सांगितलं नव्हतं. गप्प बसली असती तर सख्खी भाची वाचली असती, आणि अबोली जन्मभर लबाड ठरली असती.

मुलांनो, इथे जरा थांबा. आत्याला जे कळलं ते सगळं तुमच्याही पुढ्यात आहे. काचेच्या खोलीत बसलेला चोर ओळखलात का? की तुम्ही दोन चोर धरलेत?

दुपारी काचेच्या खोलीत सगळे जमले. गोडबोल्या, बँकेच्या बाई, बेंचवरची मुलं. अबोलीचे वडील दाराशी. अबोलीला आत्याने घरी भिंगरीजवळ ठेवलं होतं.

"मी आधी एक सांगते," आत्या म्हणाली. "हे प्रकरण इथून पुढे माझ्याकडे राहणार नाही. वरिष्ठांना तसं कळवलंय. का, ते तुम्हाला आता कळेल."

ताई खिडकीशी उभी होती. ती पांढरी पडली.

"मला पहिल्यापासून एक गोष्ट खटकत होती. जी सगळ्यांत हुशार, तीच सगळ्यांत जास्त दिवस बेंचवर कशी? चांगला माल दुकानात पडून राहत नाही. राहिला, तर दुकानदारालाच तो विकायचा नसतो."

"काय बोलताय मॅडम!" गोडबोल्या म्हणाला.

"ऐका. बँकेच्या बाईंनी मोज्यांचं उदाहरण दोनदा ऐकलं. हिवाळ्यात एकदा, आणि आता अबोलीच्या मुलाखतीत. तुम्ही ते शिकवत नाही, हे तुम्हीच सांगितलंत, हसत हसत. मग दोन मुलींच्या तोंडी ते आलं कसं? दोन मुली नव्हत्याच. आवाज एकच होता. कॅमेरा कायम बिघडलेला, कारण तो चालू असून परवडणारच नव्हता."

बँकेच्या बाई हळूहळू खिडकीकडे वळल्या.

"हिवाळ्यात बँकेने एका मुलीला निवडलं. तुम्ही बँकेला सांगितलंत, तिची घरची अडचण आहे. त्या मुलीला काय सांगितलंत?"

गोडबोल्या समोरचे कागद जुळवू लागला. बोलली ती ताई.

"मला सांगितलं, बँकेने नाकारलं." तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "सर म्हणाले, तुझ्यात काहीतरी कमी आहे. पण इतरांना मदत कर, पुढची जागा तुझीच. प्रत्येक वेळी म्हणाले. पुढची तुझीच."

"तुला पाठवलं असतं तर एकदाच पाठवता आलं असतं," आत्या म्हणाली. "ठेवून घेतलं, म्हणून तुझा आवाज पुन्हा पुन्हा पाठवता आला. कच्ची मुलं तुझ्या जिभेवर खपली. त्यांनी तोंड मिटून शेजारी बसायचं, तू बोलायचं."

"पुरावा काय?" गोडबोल्याच्या बोलण्यातला गोडवा आटला होता. "मोजे? कोर्टात मोजे दाखवणार? कोण शपथेवर सांगेल, तो आवाज कुणाचा होता?"

आत्या ताईकडे बघत होती. फौजदार म्हणून तिला उत्तर हवं होतं. आत्या म्हणून नको होतं.

"मी," ताई म्हणाली. "तो आवाज माझा होता. या खोलीतून गेलेल्या कितीतरी जणांसाठी मीच बोललेय. आणि आत्या, अबोली नको म्हणत होती. ती म्हणाली, मी हळूहळू सांगेन, मला येतं. तिला खरंच येतं. मीच म्हटलं, बाई थांबणार नाहीत गं. ती परत आली तेव्हा मी... मी पाणी आणायला नव्हते गेले. लपले होते."

मग बेंचवरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "मलाही गप्प बसायला सांगितलं होतं, सरांनी." मग आणखी एक उठली. गोडबोल्या खाली बसला.

बँकेच्या बाई म्हणाल्या, "मी थांबायला हवं होतं. घड्याळ कशाला बघितलं मी?" पण आता त्या जागेवर दुसरं कुणी आलं होतं, आणि एकदा भरलेली जागा हळहळून रिकामी होत नाही.

गोडबोल्यावर गुन्हा नोंदला गेला. अबोलीवरचा ठपका पुसला गेला. ताईला जबाब द्यायला पुन्हा पुन्हा जावं लागणार होतं, आणि पुढे काय, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. रात्री तिने ताट पुढे ओढलं आणि तसंच मागे सारलं. भिंगरीने तिला एकच विचारलं. "तुला हिवाळ्यातली ती बँकेची जागा मिळाली असती, तर तू असं केलं असतंस?"

"माहीत नाही गं," ताई म्हणाली. ते खरं होतं, म्हणूनच भिंगरीला जास्त रडू आलं.

दुसऱ्या दिवशी अबोली वडिलांबरोबर गावी निघाली. बसथांब्यावर आत्या आणि भिंगरी पोचवायला आल्या. ताईही आली होती, पण लांब, खांबाच्या आड. अबोलीने तिला पाहिलं. हात वर केला नाही, आणि तोंडही फिरवलं नाही.

वाचनालयातल्या त्या तीन शब्दांनंतर अबोली एक अक्षर बोलली नव्हती. वडील म्हणाले, "घरी गेल्यावर बोलेल." पण म्हणताना त्यांनी जमिनीकडे पाहिलं.

भिंगरी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"मोज्यांचं सांग ना मला," ती म्हणाली.

"भिंगरे, आत्ता नको," आत्या पुढे झाली.

पण अबोलीने निळी पिशवी खाली ठेवली. ओठ उघडले. "स..."

बस आली. दार उघडलं. माणसं चढू लागली.

"स... स..."

भिंगरीला तो शब्द माहीत होता. त्याच्या पुढचे सगळे शब्द माहीत होते. कप्पा, पट्ट्या, बाबांचे इथे, आईचे तिथे. सगळं तिच्या जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं होतं. वाहकाने आवाज दिला. वडिलांनी हात वर करून त्याला थांबायची खूण केली.

तेव्हा भिंगरी निळ्या पिशवीशेजारी जमिनीवरच बसली. मांडी घातली. एका जागी कधी न ठरणारे हात मांडीवर ठेवले. ओठ घट्ट मिटले. आणि अबोलीच्या तोंडाकडे बघत वाट पाहू लागली.